सीटखालची पेटी

पिकअपची पेटी फोडायला चोराला किती वेळ लागतो, हे मला गाडी बनवणाऱ्यांपेक्षा जास्त कळतं. त्यांनी निदान एकदा तरी उधन्यात रस्त्याच्या कडेला गाडी लावून सकाळी येऊन बघायला हवं होतं. हौद्याखाली एक टूलबॉक्स देतात, त्याला एक कडी देतात आणि कुलूप आपलं आपण आणा म्हणतात. मी चांगलं जाड पितळी कुलूप आणलं. चौथ्या दिवशी जॅक गेला, पाने गेले आणि कुलूप कडीला जसंच्या तसं. चोराने मागच्या बिजागरीच्या पिना ठोकून काढल्या होत्या आणि झाकण उलट्या बाजूने उघडलं होतं. मला इतका संताप आला की मी ते कुलूप काढून गटारात फेकलं.

केबिनचीही तीच कथा. डॅशबोर्डचा कप्पा हाताची एक थाप मारली की उघडतो. दरवाजाचं कुलूप आहे, पण एकदा पलसाण्याला डाइंग मिलच्या फाटकावर कापडाचे ताके उतरवून, चहा पिऊन आलो तर माझ्या सीटवर भलताच ड्रायव्हर विडी ओढत बसलेला. त्याची गाडीही तशीच पांढरी. त्याच्या किल्लीने माझा दरवाजा उघडला होता आणि बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. वर मलाच विचारतो, कोण पाहिजे.

जॅक गेला तर दुसरा येतो. माझा जीव अडकला होता तो कागदांच्या एका फाइलमध्ये. त्यात माझ्या वडिलांचा गावच्या शाळेतला दाखला होता, जातीची नोंद असलेला. गावच्या शाळेचं जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लं, त्यामुळे शाळेकडून दुसरी मूळ प्रत मिळण्याची सोय नाही. मुलगी बारावीला होती, तिला नर्सिंगला जायचं होतं, आणि तिच्या जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा तो कागद लागणार हे आम्हाला आधीपासून माहीत होतं.

असा कागद माणूस घरात ठेवेल. पण आम्हा खानदेशातून इकडे गुजराती मुलखात आलेल्या लोकांचं घर म्हणजे भाड्याची खोली. अकरा महिने झाले की बिऱ्हाड हलवा, आणि प्रत्येक खोलीची दुसरी किल्ली मालकाकडे. एकदा बिऱ्हाड हलवताना आमचं रेशनकार्ड गेलं, ते अजून सापडतंय. तेव्हापासून माझं डोकं एकाच दिशेने चालायला लागलं. खोल्या बदलतात, गाडी तीच राहते, म्हणून कागद गाडीत. बायकोला हे पहिल्या दिवसापासून पटलं नाही. ती म्हणाली, "कागद मन्हा डबामा ऱ्हाऊ द्या. गाडी काय घर शे का?" मी तिला चोर आणि बिजागरी यावर एक मोठं व्याख्यान दिलं.

मग मी वेल्डिंगवाल्याकडून ड्रायव्हरच्या सीटखाली पेटी करून घेतली. जाड पत्रा, बिजागऱ्या आतून, तळ चेसिसला जोडलेला. सीट उचलल्याशिवाय ती दिसायचीच नाही. एवढी गुप्त जागा केली आणि दसऱ्याला गाडी धुऊन, सगळी झाकणं उघडी टाकून, प्रत्येक पेटीला हळदकुंकू लावून मी फुलं वाहिली. गल्लीतली अर्धी माणसं पेढा खायला आली होती. त्यांनी सीटखाली वाकून बघितलं, पत्रा वाजवून बघितला, आणि मी प्रत्येकाला बिजागरी कुठे आहे ते हौसेने दाखवलं. बायको कपाळाला हात लावून आत निघून गेली. संध्याकाळी माझं डोकं ठिकाणावर आलं आणि दुसऱ्याच दिवशी मी वेल्डिंगवाल्याकडे जाऊन कुलपावर लोखंडी नळीचा तुकडा बसवून घेतला, म्हणजे कटर आत पोचायला नको. किल्ली तेवढी नळीतून आत जायची.

फाइल आत ठेवून कुलूप लावलं, आणि त्यानंतर ती पेटी मी उघडलीच नाही. पण ज्या गाडीतून रोज ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या कापडाचे ताके जातात, तिच्यात कापडाचा भुगा किती उडतो हे मला कळायला हवं होतं. भुगा, धूळ आणि वंगण त्या नळीत आठ महिने साचत राहिलं. जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत मूळ कागद दाखवायच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी किल्ली घातली, ती फिरेना. तेल सोडलं, फिरेना. जोर लावला तर अर्धी किल्ली माझ्या हातात आणि अर्धी आत. मुलगी दप्तर घेऊन फूटपाथवर उभी होती. तिने फक्त घड्याळ बघितलं.

वेल्डिंगवाला शहाणा माणूस. तो म्हणाला, दुपारपर्यंत थांब, पाणी मारत मारत हळूहळू कापतो, आत कागद आहे. मी त्याच्यावर ओरडलो. कचेरी दुपारी बंद होते, मशीन लाव आणि काप. त्याने ग्राइंडर लावला. पत्रा एवढा जाड, की कापता कापता लाल झाला. त्या पत्र्याची जाडी मीच सांगितली होती. झाकण निघालं तेव्हा आतून प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. फाइल वितळून दाखल्याला चिकटली होती. मी ती सोलायला गेलो तर वडिलांचं नाव, जात, सगळी शाई प्लॅस्टिकबरोबर निघून आली आणि खाली करपलेला कोरा कागद राहिला.

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.  मुलीने तो कागद माझ्या हातातून घेतला, वहीत ठेवला आणि वही दप्तरात. कचेरीत जाईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मी मात्र वाटभर मनात जुळवत होतो, कचेरीच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना काय सांगायचं. चोरांपासून वाचवायला मीच हा कागद जाळला, हे माणसाने कोणत्या तोंडाने सांगायचं?

आमचा नंबर आला. बाईंनी अर्जाला जोडलेली जुनी झेरॉक्स बघितली आणि मूळ दाखला मागितला. मी तोंड उघडायच्या आत मुलगी चटकन गुजरातीत म्हणाली, "ओरिजिनल तो चोराई गयुं."

चोरीला गेला. बाईंनी मान वर केली. घरातून का, असं त्यांनी विचारलं.

"ना, पप्पानी गाडीमांथी."

पप्पांच्या, म्हणजे माझ्या गाडीतून. तिचा हात दप्तरावर घट्ट दाबलेला होता, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. बाई बघत होत्या. खरं आहे का, असं त्यांनी मला विचारलं, आणि मी हो म्हणालो.