दुसरी काच

दांडगे सर वर्गात शिरले की मुलांकडे बघायच्या आधी छताकडे बघायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी खिडकीजवळच्या तीन बाकांवरच्या मुलींना उठवलं, ओल धरलेल्या कोपऱ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "त्याच्याखालनं सरका. यंदा नाय पडायचं ते, पुढल्या वर्षाचं मी सांगत नाय." आम्ही तोंडावर हात ठेवून हसलो. नावाने दांडगे, अंगाने काडी आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग, असा माणूस भीती घालायला लागला की हसूच येतं. तो कोपरा काही पडला नाही. पण वर्षभर त्या तीन बाकांवर कुणी बसलंही नाही.

भूगर्भशास्त्र मी आवडीने घेतलं नव्हतं. हव्या त्या विषयाला जागा मिळाली नाही आणि आमच्या उस्मानपुऱ्यातून कॉलेज पायी पंधरा मिनिटांवर होतं, एवढंच कारण. सरांना हे तोंडावर सांगितलं तर म्हणाले, "लई चांगलं. आवडीनं येणारे नुसती दगडांची नावं पाठ करतात. तू बघशील तरी." मला ते कौतुक वाटलं होतं.

शिकवताना ते पुस्तकी मराठीत सुरुवात करायचे आणि दहाव्या मिनिटाला अजिंठ्याकडच्या आपल्या गावच्या भाषेवर यायचे. "आपला मुलूख थरांचा हाय. काळा दगड, मग तांबडी माती, वर पुन्हा काळा दगड. काळ्याला भ्यायचं नाय. भ्यायचं तांबडीला. पाणी पिऊन पिऊन तिचा साबण व्हतो, आन मग वरचा काळा कुणाच्या बापाचं ऐकत नाय." हे ते इतक्या साध्या आवाजात सांगायचे की घरी जाताना पायाखालचा रस्तासुद्धा नकोसा वाटायचा. एकदा आमच्याकडे चहाला आले होते. आईने हौसेने नवा सोफा दाखवला, तर यांचं लक्ष सोफ्यामागच्या भेगेवर. नखाने ती चाचपून म्हणाले, "ताई, ही काळ्या मातीची भेग हाय. उन्हाळ्यात उघडंल, पावसाळ्यात मिटंल. मिटली नाय, तर मला निरोप धाडा." आईने पुढचे दोन पावसाळे त्या भेगेची राखण केली.

अशीच एक न मिटणारी भेग त्यांना सापडली होती. त्यांच्या गावाजवळ कड्याच्या पायथ्याशी मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्यांची नऊ घरांची वस्ती होती. वर माळावर, कड्याच्या काठापासून वीस-पंचवीस पावलं आत, काठाला धरून एक लांब चीर गेली होती. सरांनी तिच्यावर आडवी काचपट्टी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की केली होती. काच ताणली जात नाही, चीर जराशी रुंदावली तरी ती फुटते. दर शनिवारी आमच्यातल्या एकाने एसटीने जायचं, काच पाहायची आणि वहीत लिहून यायचं. सरांचा हुकूम एकच होता, "आधी लिही, मग इचार कर." आणि फुटलेल्या काचेबद्दल त्यांचा एक हिशेब ठरलेला होता. "एक फुटली तर शेळी, दोन फुटल्या तर डोंगर. दुसरी फुटली की मी वस्ती हलवायला लावणार."

माझ्या पाळीच्या शनिवारी काच फुटलेली होती. चिरेच्या आजूबाजूला लेंड्याच लेंड्या. पलीकडेच, काठापासून दूरच्या बाजूला, तुळसाबाईची शेळ्या बांधायची जागा होती. तुळसाबाई वस्तीतली वयस्कर बाई, दर शनिवारी आम्हाला गुळाचा चहा पाजणारी. मी तिच्यावरच तोंड सोडलं. "तुमच्या शेळ्यांनी काच फोडली! सरांना काय सांगू मी?" ती गांगरून गेली. "चुकलं गं माय. ध्यान नाय राहिलं. सरांला नको सांगू." मला मोठेपणा वाटला. पिशवीत दुसरी काचपट्टी होती, प्लास्टर होतं, परतीची एसटी यायला अर्धा तास होता. जुने तुकडे झुडपात फेकले, नवी काच लावली आणि वहीत लिहिलं, 'काच शाबूत.' मी आधी विचार केला होता आणि मग लिहिलं होतं. शेळीचं पाप झाकलं, या समाधानात मी खिडकीची जागा पकडली.

मे महिन्याच्या शेवटी सर स्वतः गेले, तेव्हा मी लावलेली काचही फुटलेली होती. त्यांच्या लेखी ती पहिली. वर्गात म्हणाले, "एक फुटली. थांबू. दुसरी बघू." ती दुसरीच होती, हे मला एकटीला माहीत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. तीन आठवडे नाही. रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं, आणि त्यांचा चेहरा दिसला की दगडांचे नमुने पुसत बसायची. पावसाची पहिली झड लागली त्या दिवशी मात्र राहवलं नाही. सांगून टाकलं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "किती तारखेला?" मग वही उघडून 'शाबूत'वर रेघ मारली, 'फुटली' असं लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली.

ती वही घेऊन आम्ही सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी पान उजेडाकडे धरलं. "सर, खाडाखोड केलेला कागद पुढं कसा पाठवू? आधी शाबूत, मग फुटली. उद्या मलाच विचारतील." सर हुज्जत घालत बसले नाहीत. त्याच दुपारी वस्तीवर गेले आणि दारोदार हात जोडत फिरले. "माझ्यासाठी नाय, लेकरांसाठी चला." संध्याकाळपर्यंत नऊ घरं गावच्या शाळेत आली, सर आणि मीही तिथेच राहिलो. शाळेने माणसांना दोन खोल्या दिल्या, जनावरांना मनाई केली.

चार दिवस पाऊस कोसळला आणि पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडलं. बायकांनी गोधड्या वाळत घातल्या. जो तो सरांकडे बघून हसायला लागला, कुठं काय झालं? सर म्हणत होते, "पाऊस थांबला म्हणून डोंगर थांबत नाय. पाणी आता कुठं खाली पोचतंय." ऐकतो कोण? सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी माणसं मोजली आणि एक कमी भरलं. तुळसाबाई शेळ्यांना पाला टाकायला घरी गेली होती.

सर धावले, त्यांच्यामागे मी. कड्याखालच्या ओढ्यापाशी ते एकदम थांबले. काल नितळ असलेलं पाणी तांबडं झालं होतं. त्यांनी ओंजळीत घेऊन बोटांनी चोळलं, आणि माझा दंड असा धरला की मला पुढे पाऊल टाकता येईना. तिथूनच हाका मारायला लागले, "तुळसाबाई! सोड त्यांना, पळ!" ती दारातल्या शेळ्यांची दावी सोडत होती. तिने आमच्याकडे वळून हात केला. "आले, आले. दोनच राहिल्यात." वरून बारीक खडे ओघळायला लागले. मग चिरेपासून पुढचा सबंध काठ खाली बसला. धूळ उडाली नाही, सगळं ओलं होतं. वस्ती होती तिथे तांबडा चिखल आणि काळे धोंडे राहिले.

चौकशी झाली. आलेल्या अधिकाऱ्याने वही पुढे सरकवून विचारलं, "ही नोंद कोणाची?" "माझी," सर म्हणाले. मी शेजारी उभी होते. कॉलेजने त्यांना पुन्हा कधी मुलं डोंगरावर नेऊ दिली नाहीत. निवृत्तीपर्यंत ते खडू घेऊन फळ्यावर थर काढत राहिले.

ते निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले, रडले, म्हटलं, "मी सगळ्यांना खरं सांगते." त्यांनी मला पाणी दिलं. "सगळ्यांला सांगून काय करती? तिच्या पोराला सांग." मी हो म्हणाले आणि गेले नाही. वर्षं गेली. आता मी इमारतींच्या पायासाठी माती तपासायचं काम करते, माझ्या नोंदी चोख असतात, लोक नाव काढतात. गेल्या हिवाळ्यात सर गेले. त्यांच्या तेराव्यानंतर, शेवटी, मी शेंद्र्याला गेले.

तुळसाबाईचा मुलगा विष्णू तिथे एका कारखान्यात कामाला आहे, खोली करून राहतो. मी नाव सांगितलं तर त्याने खुर्ची पुसून दिली. म्हणाला, "सर दर दिवाळीला यायचे. म्हणायचे, एक ताई येईल. ती काय सांगंल ते मधी न बोलता ऐकून घे." मी सांगितलं. फुटलेली काच, झुडपात फेकलेले तुकडे, 'शाबूत', सगळं. तो खरंच मधे बोलला नाही.

माझं सांगून झाल्यावर त्याने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"ताई, आमची शेरडं उन्हाळा-पावसाळा कायम वरच आसायची, माळावर. चिरेच्या पल्याड. आमच्या आज्यापासून." त्याचा आवाज चढला नाही. "तुम्ही बोलल्या त्या दिशी आईनं ती खाली आणली आन दारात बांधली. सरांची काच पुन्हा फुटू नये म्हणून."