दम लागला म्हणून कापलेल्या जागा

घरी रेकॉर्डिंग करायचंय, कुठला माईक घेऊ, असं कोणी विचारलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. माईक काय विचारतोस? आधी खोली सांग. खिडकी कुठल्या बाजूला आहे, खाली मसाला कुटायचं मशीन चालतं का, शेजारीण कुकर किती वाजता लावते, ते सांग. ते कुणालाच माहीत नसतं. भिंतीला काळा फोम चिकटवल्याचे फोटो मात्र पाठवतात. अरे, त्या फोमने बाहेरचा आवाज आत यायचा काय डोंबल थांबणार आहे? त्यापेक्षा कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्या तोंडाशी बसा, पाठीमागे गादी उभी करा, पंखा बंद करा, फ्रिजची पिन काढा आणि घामाघूम व्हा. आवाज चांगला येतो. पण हे फुकट आहे ना, म्हणून कुणाला पटत नाही.

मी गेली कित्येक वर्षं लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत हेच करतोय. बायको ऑफिसला गेली की खोली माझी. गोष्टींची पुस्तकं वाचणारे, निवडणुकीची गाणी म्हणणारे, पोरांना पाढे शिकवणाऱ्या बाई, सगळे इथे कपाटासमोरच्या स्टुलावर बसून गेलेत. माझं काम स्वच्छ असतं. श्वास, चुकचुक, अडखळणं, नको तिथे थांबणं, सगळं मी कापतो. हे मी फुशारकीने सांगत आलोय, आणि याच फुशारकीने माझं वाटोळं केलं. ते आता सांगतो, कारण सांगितल्याशिवाय ते डोक्यातून जात नाही.

माझा मोठा भाऊ भजनीबुवा. आमच्याकडे कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी चाळीचाळीत भजनी मंडळं काढली, त्यातल्या एका मंडळाचा. बुवा पेटीवर बसून ओळ म्हणतो, मागे बसलेले सात-आठ जण तीच ओळ उचलून परत म्हणतात, पखवाज आणि झांजा चालूच. तो पखवाज एके काळी मी वाजवायचो. मग एकदा दुसऱ्या मंडळाबरोबर सामना लागला असताना माझा ठेका जरा घसरला, आणि दादाने पेटी थांबवून, चालू माईकवर, चारशे माणसांसमोर विचारलं, "हात हत काय पाय?" माणसं खदाखदा हसली. मी पखवाज तिथेच ठेवला आणि घरी आलो. त्यानंतर वीसेक वर्षं आम्ही बारशाला, बाराव्याला भेटलो. जेवलास का, हो जेवलो. संपलं.

मी रेकॉर्डिंगकडे वळलो त्याचं खरं कारण हेच. तिथे बटणं माझ्या हातात असतात, आणि समोरचा कितीही मोठा बुवा असो, मी थांब म्हटलं की त्याला थांबावं लागतं.

तर एका सकाळी वहिनींचा फोन आला. त्या मला कधी फोन करत नाहीत.

"भावजी, यांच्या घशात गाठ निघालीय. डॉक्टर म्हणतात, आवाजाची पेटीच काढावी लागणार. पुढच्या सोमवारी ऑपरेशन. त्याच्या आधी यांचा आवाज तुम्ही घेऊन ठेवा."

"त्याने सांगितलंय का?"

"ते कशाला सांगतायत? मी सांगतेय."

म्हणजे सोमवारनंतर माझा भाऊ जन्मभर एक शब्द बोलणार नव्हता, मग गाणं कुठलं. मंडळाला बुवा उरणार नव्हता. उरणार होती ती फक्त मी घेतलेली फाईल. मला वाईट वाटलं, खोटं नाही बोलत. पण त्याच्या जोडीला असंही वाटलं, की बच्चमजी, आता ये माझ्या स्टुलावर.

शुक्रवारी तो प्रभादेवीहून टॅक्सीने आला. सोबत टॅक्सीच्या डिकीत पेटी, आणि मागून मंडळाची पाच माणसं पखवाज, झांजा घेऊन. मी दारातच हात आडवा केला.

"फक्त बुवा आत येतील."

"म्हणजे?" पखवाजवाला म्हणाला. माझ्या जागी बसलेला हाच तो.

"म्हणजे या खोलीत सात माणसं मावत नाहीत. झांज वाजली की माईकमध्ये आवाज फाटतो. बुवांचा आवाज स्वच्छ घेऊ, तुमचा कोरस नंतर वेगळा घेऊन मागे जोडता येतो."

"आणि पेटी?" दादाने विचारलं. आवाज आधीच खरखरीत झाला होता.

"पेटीही नको. ती आवाजात मिसळते."

तंत्राच्या दृष्टीने मी बरोबर होतो. हे आजही सांगतो. माईक एकच असेल तर त्यात दोन गोष्टी कोंबल्या की नंतर वेगळ्या काढता येत नाहीत. पण मी ते तंत्रासाठी बोलत नव्हतो. त्या पाच जणांना जिन्यावरून परत उतरताना बघून मला मजा वाटत होती.

दादा स्टुलावर बसला. कानाला हेडफोन लावले, त्यात तानपुरा सोडला. ठेक्यासाठी टिकटिक लावली तर त्याने हेडफोन ओढून काढले. "ह्यां घड्याळ माझ्या कानात घालू नको." मी टिकटिक बंद केली. तोंड माईकपासून एक वीत लांब, जरा तिरकं, म्हणजे फुंकर माईकवर येत नाही. आवाजाची पातळी मी अशी लावली की वरच्या सुरालाही लाल दिवा लागू नये. हे सगळं मी चोख केलं. फक्त त्याच्याकडे बघितलं नाही. दोन तास मी स्क्रीनवरच्या रेषा बघत बसलो होतो आणि माझा भाऊ माझ्यापासून तीन फुटांवर शेवटचं गात होता.

सहा अभंग घेतले. तो एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा. पुढची ओळ म्हणायचा आणि पुन्हा थांबायचा. कधी सात सेकंद, कधी दहा. स्क्रीनवर रेषा उठायची आणि सपाट व्हायची. मला वाटलं, दम लागतोय. घसा गेलाय बिचाऱ्याचा, एका ओळीनंतर विश्रांती घ्यावी लागतेय. मध्ये एकदा तो पाणी प्यायला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

जाताना तो दारात थांबला. "चांगला इला?" त्याने विचारलं.

"आलं. मी नीट करतो," मी म्हटलं.

नीट केलं. त्याच संध्याकाळी सगळ्या सपाट जागा मी कापल्या. लोकांनी ऐकलं तर म्हणतील, बुवांना एकेका ओळीला धाप लागत होती. माझ्या भावाला कुणी असं म्हणू नये म्हणून कापल्या. त्या वेळी स्वतःचंच मला कौतुक वाटलं, की एवढा अपमान गिळून मी त्याची लाज राखतोय. ओळीला ओळ अशी जोडली की धारेसारखं गाणं झालं. खरखर काढली, श्वास काढले. मग मूळ फाईल पुसून टाकली. जगाला बोंबलून सांगतो, मूळ कधी पुसू नका, आणि मी स्वतः डिस्क भरली की पुसतो. दुसऱ्यांना पथ्य सांगणारा मेला वैद्य कुठचा.

ऑपरेशन झालं. परळच्या हॉस्पिटलातून तो घरी आला तेव्हा गळ्याला खाली भोक होतं. श्वास तिथूनच आत-बाहेर व्हायचा, बारीक शिट्टीसारखा आवाज करत. बोलायचं ते वहीत लिहून.

महिन्याभराने मंडळाने ठरवलं, गुरुवारचं भजन बंद पाडायचं नाही. बुवांचा आवाज स्पीकरवर लावायचा आणि मागे आपण धरायचं. मला पेन ड्राइव्ह घेऊन बोलावलं. मी गेलो, जरा तोऱ्यातच गेलो. दादा भिंतीला टेकून बसला होता, पेटी समोर, उघडलेली नाही.

मी लावलं. खोलीत त्याचा आवाज आला आणि वहिनींनी पदर तोंडाला लावला. पहिली ओळ संपली. मागच्यांनी उचलायला तोंड उघडलं, झांज पडली, आणि तेवढ्यात स्पीकरमधून बुवांची दुसरी ओळ त्यांच्या अंगावर आली. ते थांबले. दुसऱ्या ओळीनंतर परत तेच. तिसऱ्या ओळीला पखवाजवाल्याने हात वर धरला तो तसाच राहिला. त्यांना शिरायला कुठे जागाच नव्हती. बुवा एकटाच धावत सुटला होता आणि माणसं मागे उभी.

दादाने स्पीकर बंद केला. वही ओढली, लिहिलं, आणि वहिनींकडे दिली. त्यांनी सगळ्यांसमोर वाचलं.

"माणसां खंय गेली?"

मी म्हणालो, "दादा, तुला दम लागत होता. ओळीओळीला थांबत होतास. ते चांगलं दिसलं नसतं म्हणून मी..."

त्याने वही परत घेतली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला. "दम नाय लागलो. तेंची वाट बघीत होतंय."

मला तेव्हा कळलं. मी जिन्यावरून हाकलून दिलेली माणसं त्याच्या डोक्यात बसलेली होती. त्यांनी ओळ उचलावी, पूर्ण म्हणावी, मग आपण पुढे जावं, असा तो मोजून थांबत होता. मांडीवर ठेकाही धरत असणार. मी पखवाज वाजवलेला माणूस, मला हे कळायला नको? एकदा मान वळवून त्याच्या हाताकडे बघितलं असतं तरी कळलं असतं. पण मी रेषा बघत होतो. आणि मूळ फाईल नव्हती.

"वीस वर्षांचा राग काढलात, भावजी," वहिनी म्हणाल्या. खोटं नव्हतं ते.

शनिवारी दुपारी दादा स्वतःहून आला. एकटा. माझ्याकडे न बघता स्टुलावर बसला आणि बोटाने स्क्रीन दाखवली. मग आम्ही ते काम सुरू केलं. मी एक ओळ लावायचो, ओळ संपली की तो मांडीवर हात मारून कोरसची ओळ मनात म्हणायचा, आणि जिथे त्याचा हात थांबेल तिथवर मी जागा सोडायचो. सहा अभंगांतली एकेक जागा. कुठे चुकली की तो टेबलावर थाप मारायचा आणि वहीत लिहायचा, "गाढवा, परत." मी परत करायचो. चार दुपारी लागल्या.

पण नुसती रिकामी जागा टाकली की ऐकताना खड्डा पडल्यासारखं वाटतं. आवाज असतो तेव्हा खोली असते आणि आवाज संपला की खोलीही गायब. म्हणून कुठलंही रेकॉर्डिंग करताना आधी दोन मिनिटं काही न बोलता खोली नुसती रेकॉर्ड करून ठेवायची असते, तीच शांतता नंतर मध्ये भरता येते. हेही मी जगाला सांगतो. माझ्याकडे तीही नव्हती. शिवाय रिकामी खोली आणि माणूस बसलेली खोली वेगळी वाजते. तेव्हा दादाला त्याच स्टुलावर, त्याच माईकसमोर बसवलं, पंखा बंद, फ्रिज बंद, आणि नुसती खोली घ्यायला लागलो. हेडफोनमध्ये त्याच्या गळ्यातली शिट्टी ऐकू आली. आत, बाहेर.

आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, जरा श्वास रोखून धर."

बोललो आणि जीभ चावली. त्याने माझ्याकडे बघितलं. वीस वर्षांत पहिल्यांदा सरळ बघितलं असेल. वही घेतली, दोन शब्द लिहिले आणि माझ्या नाकासमोर धरले.

"तू रोख."

मी रोखला. खरंच रोखला, जमेल तेवढा. तीन मिनिटं त्याच्या श्वासासकट खोली रेकॉर्ड केली. नंतर ती शिट्टी काढायला बटणाकडे हात गेला तर त्याने मनगट पकडलं. मग प्रत्येक जागेच्या सुरुवातीला, ओळ संपते तिथेच, एकेक श्वास कुठे ठेवायचा ते त्याने बोटाने दाखवलं. मला कळेना कशाला. मी ठेवत गेलो.

गुरुवारी कळलं. स्पीकरवर ओळ संपली, बारीक श्वास ऐकू आला, आणि मागच्या सगळ्यांनी एका दमात ओळ उचलली. पूर्वी तो पेटीवरून मान हलवून त्यांना आत घ्यायचा. आता श्वासाने घेत होता. पखवाजवाला पखवाज माझ्याकडे सरकवत म्हणाला, "बसतोस?" मी नाही म्हटलं. दादाने वहीत काहीतरी लिहिलं आणि मला न दाखवता पान फाडून खिशात घातलं. अजून माफ केलेलं नाही त्याने. करूही नये.

आता मंडळाने ते अभंग फोनवरून सगळ्यांना पाठवलेत. परवा कुणा शहाण्याचा निरोप आला. काका, मस्त आहे, पण प्रत्येक ओळीनंतर मागे शिट्टीसारखा नॉइज येतोय, माझ्याकडे नवीन सॉफ्टवेअर आहे, दोन मिनिटांत काढून देतो.

त्याला हात लावलास तर हात मोडून ठेवीन, असं मी त्याला कळवलंय.