आधी गाडी, मग तिकीट

सरक अशी जवळ, शांतेच्या लेकी. नागपूरपर्यंत येतेस आणि इथूनच माघारी जातेस, म्हणून मीच गावाहून आले तुला गाठायला. कान धरायला हवा तुझा. तुझे आबा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, यांच्यासारखा भिडस्त माणूस ब्रह्मपुरीपासून चांद्यापर्यंत झाला नाही आणि होणार नाही. माणसांची भीड सगळ्यांनाच असते. भाऊजींना आगगाडीची होती.

आमची ती लहान रुळांची गाडी धानाच्या बांध्यांमधून येई, आणि बांधावर भाऊजींची छत्री हलली की ड्रायव्हर वेग कमी करी. गार्ड आमच्याकडचं ताक पिऊन मगच शिट्टी मारी. अशा गाडीचं तिकीट भाऊजींनी एकदाच सकाळी जाऊन दुपारसाठी काढून ठेवलं. घरी आले, जेवले, आणि नेमकी म्हैस व्यायला झाली. ती काय गाडीची वेळ पाहून विते? इकडे स्टेशनात मास्तर म्हणाले, भाऊंनी तिकीट काढलंय, भाऊ येणारच. आणि गाडी ठेवली उभी. भाऊजी चिखलात धावत पोचले तेव्हा खिडकीतून एक नवरदेव बाशिंगासकट बाहेर डोकावत होता, त्याचा मुहूर्त टळला होता, आणि त्याची आत्या विचारत होती, "कोन हाये वो तो लाटसाहेब?" भाऊजींनी प्रत्येक डब्यापुढे हात जोडले. म्हशीला पारडी झाली, हेही प्रत्येक डब्याला सांगितलं. तेव्हापासून नेम झाला: आधी गाडी डोळ्यांनी पाहायची, मग तिकीट. "तिकीट म्हंजे जबान हाये, बाई," मला म्हणत. "गाडीले जबान दिली का ते बिचारी हालत नाई." मग हा नेम घरभर पसरला. जेवायला येतो म्हणून कुणाला आधी सांगत नसत, भात ताटकळेल म्हणून. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला "जमलं तं पाहू" म्हणाले, आणि पहाटेपासून मांडवात पाणी भरत राहिले.

अशा माणसाची एकुलती एक लेक, तुझी माय, पडली कुठे? तर सिलोनात! जावई कोलंबोला कापडाच्या पेढीवर कारकून. शांतेला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टर समुद्र ओलांडू देईना, आणि तिथे तिच्या बोलीत दोन शब्द बोलणारं बाईमाणूस नाही. तिने एवढंच कळवलं, माय वेळेवर पोचली पाहिजे. ताईने त्याच दिवशी डिंकाचे लाडू करायला घेतले. जावयाने विचारलं होतं: बोटीतून उतरल्यावर कोलंबोची गाडी भरून जाते, तर तुमची तिकिटं आधीच काढून पाठवू का?

झालं! भाऊजींचं जेवण उडालं. स्टेशन मास्तर म्हणाले, काढू द्या. "तुमाले काय, तुमची गाडी घरची हाये," भाऊजी म्हणाले. ओट्यावर बसून आल्यागेल्याला विचारत, "बोट उशिरा लागली तं? परक्या मुलखाची गाडी आपल्यापायी उभी राहीन. आत्ता कुठी स्वराज्य भेटलं, अन् ते लोक म्हनतीन, हेच काय हिंदुस्थानचे मानसं?"

"मंग नका काढू," मी म्हटलं.

"अन् जागा नाई भेटली तं? पोर एकटी पडन!" असं म्हणून डोळे पुसत.

शेवटी ताई चुलीपुढून उठली. "पोरीचे दिवस भरत आले, अन् तुमी गाडीच्या मनाची काळजी करून राह्यले! काढा म्हना जावयाले."

तिकिटं टपालाने आली, म्हणजे जबान दिली गेली. मग भाऊजींनी अशी घाई केली की ठरलेल्याच्या आदल्या बोटीने पलीकडे उतरले, आणि ताई परक्या फलाटावर ट्रंकेवर बसून राहिली. एकदाची गाडी लागली, दोघं बसली, तरी गाडी हलेना. तिची वेळ झाली नव्हती, एवढंच. पण भाऊजींचा जीव वरखाली. "कोनीतरी राह्यलं वाटते. बिचारा धावत येत असन. पाहून येतो."

"बसा गुमान," ताई म्हणाली.

भाऊजी उतरले. फलाटाच्या टोकाला जाऊन, बंदराकडे तोंड करून छत्री हलवू लागले, "या हो, या लवकर, गाडी उभी हाये!" आणि पाठीमागून गाडी ताईला घेऊन निघून गेली.

ब्रह्मपुरीच्या बाजारालाही कधी एकटी न गेलेली ताई, लाडवांचा डबा पोटाशी धरून सिलोनभर एकटी गेली. जावई स्टेशनवर होता. त्याच दिवशी तुझा जन्म झाला, आणि तू तिच्याच हातात आलीस. भाऊजी दुसऱ्या दिवशी पोचले. ताई सांगायची, वाटलं, शरमेने खाली मान घालतील. पण चेहरा असा फुललेला! दिसेल त्याला, नर्सबाईलासुद्धा सांगत सुटले, "गाडी माझ्यासाठी थांबली नाई! थांबली असती तं पोरीची माय पोचली नसती." मग तुला घेतलं, आणि मुठीएवढ्या तुझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "माफ कर माय, मले उशीर झाला."

ताई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. भाऊजी हल्ली दुपारचे कुठे जात नाहीत, ओट्यावर बसून असतात. "कोनी येतो म्हनलं काय?" मी विचारते.

"नाई म्हनलं कोनी," म्हणतात, "म्हनून तं बसलो."

त्यांना आता लांबचं दिसत नाही. येणाऱ्याने अगदी पुढ्यात जाऊन, हात हातात घेऊन नाव सांगावं लागतं. नवा तांदूळ निघाला आहे. गावी ये गं, लवकर ये.