तरटपट्टीचा हिमालय

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो शेलारबाईंमुळे. सातवीत भूगोलाच्या तासाला त्यांनी आमची बसायची तरटपट्टी भिंतीकडे रेटली, तशा तिला घड्या पडल्या. म्हणाल्या, "जमीन अशी रेटली गेली, की हिमालय उठतो." मॉनिटरच्या सवयीने मी पट्टी लगेच सरळ केली. बाई हसल्या, "अरे, डोंगर झिजवून सपाट करायचं पावसाचं काम तूच उरकलंस की!"

निवृत्तीच्या दिवशी मात्र मला हळूच म्हणाल्या, "डोंगर न बघताच शिकवलं रे. चुकलं तर नसेल?"

परवा पहिल्यांदा हिमालयात गेलो. समोर कड्यात दगडाच्या घड्या होत्या. खाली गढूळ नदी तोच डोंगर कणाकणाने नेत होती. तिथूनच पत्र टाकलं:

"बाई, बरोबर होतं. पाऊस अजून पट्टी सरळ करतोय, आणि मागून रेटणंही थांबलेलं नाही. तुमचा मॉनिटर."