शून्य डोसवाले मामा

माझ्या मामांनी सगळी हयात एका इस्पितळाच्या एक्स-रे खोलीत काढली. अंगकाठी बारीक, आवाज मात्र खणखणीत. टेबलावर रडणारं पोर आलं की ते "स्टॅच्यू!" असं गरजायचे आणि पोर खरंच गप्प व्हायचं. इस्पितळात त्यांना सगळे स्टॅच्यूमामाच म्हणत. घरात मात्र त्यांचं कुणी ऐकायचं नाही, मामी तर नाहीच नाही.

मीही त्याच विषयात शिरले, पण खुर्चीत बसून. वर्षानुवर्षं थोडे थोडे किरण अंगावर घेणाऱ्यांना पुढे कॅन्सर होण्याचा धोका किती वाढतो, याचं गणित मांडणं हे माझं काम. एक्स-रे खोलीतल्या प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असतो. माणसाच्या अंगावर किती किरण पडले, ते त्या बिल्ल्यावरून कळतं. हजारो कामगारांच्या बिल्ल्यांचे आकडे एका बाजूला, त्यांचे आजार आणि मृत्यू दुसऱ्या बाजूला, असं आमचं मॉडेल. मामाही त्या हजारोंत होते. "भाचीच्या गणितात मी आहे बरं का," असं ते चारचौघांत मिरवायचे. आमचा निष्कर्ष दिलासा देणारा निघाला. इतक्या कमी डोसला धोका जवळपास दिसतच नव्हता. तो ऐकून मामांच्या मुलीनं, आमच्या धाकटीनं, बापाच्याच खोलीत नोकरी धरली.

मग मामांना रक्ताचा कॅन्सर निघाला.

मी भेटायला गेले तेव्हा मामी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मामांनी मला दार लोटायला सांगितलं.

"तुझं ते गणित बिल्ल्यांवरच चालतं ना?"

"हो."

"मग ते चुकलंय. पोरं धरताना आम्ही बिल्ला काढून ठेवायचो."

मामा दम खात खात सांगत राहिले. लहान मूल टेबलावर स्थिर राहत नाही, कुणीतरी धरावंच लागतं. आई कधी गरोदर असायची, कधी हातपाय गाळून बसायची. किरण अडवणारा शिशाचा धड एप्रन एकच, तो मुलाबरोबर आत येणाऱ्याला द्यायचा. मग मामाच एप्रनशिवाय धरायचे. पण बिल्ल्याचा आकडा फुगला की वरून विचारणा यायची आणि त्या माणसाला काही महिने खोलीबाहेर काढून पावत्या फाडायला बसवायचे. खोलीत माणसांची आधीच बोंब. म्हणून धरण्याआधी बिल्ला बाहेर ठेवायचा. नवीन माणसाला जुने लोक सगळ्यात आधी हेच शिकवत. आपण काही लपवतोय असं कुणाच्या मनातही यायचं नाही. काम अडू नये, बस.

"आणि धाकटी?"

मामांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "तिला मीच शिकवलं. आता तू तिला तिथून काढ. माझं ऐकत नाही ती. तुझ्या गणितावर विश्वास आहे तिचा."

"तुम्ही हे सगळं लिहून द्याल?"

"लिहून दिलं तर सगळ्यांच्या पोटावर पाय येईल. पहिल्यांदा तिच्याच."

आजारी माणसावर चिडू नये, पण मी चिडले. पोरीला वाचव म्हणायचं आणि स्वतः तोंडाला कुलूप लावायचं, ही कुठली रीत? तसं त्यांना तोंडावर बोललेही. मग त्यांचा हात धरून रडत बसले. हात नुसता काडी झाला होता.

दुसऱ्या दिवशी धाकटीला इस्पितळाच्या जिन्यात गाठलं.

"कमी डोसनं काही होत नाही, हे तूच म्हणाली होतीस ना ताई?"

"ते आकडे बिल्ल्यावरचे होते गं. अंगावरचे नव्हते."

"मग बदल आकडे."

"एका माणसाच्या तोंडी सांगण्यावर नाही बदलता येत. त्यात तो माझा मामा."

"म्हणजे तुला माहीत असून तू लिहायचं नाहीस, आणि मी मात्र नोकरी सोडायची. मी गेले की पोरं कोण धरणार? तू येशील?"

ऑफिसात येऊन मी आमच्या साहेबांच्या खनपटीला बसले. बिल्ले प्रत्येक वेळी अंगावर नसतात, हे लिहायलाच हवं म्हटलं. साहेब म्हणाले, "पुरावा आणा." शेवटी अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आली. ती कुणीही वाचली नसणार.

मामा गेले. पुढच्या वर्षी नव्या मृत्यूंची माहिती आमच्याकडे आली. तिच्यात नावं नसतात, पण वय आणि वर्ष यांवरून मी मामांना ओळखलं. डोस जवळपास शून्य, मृत्यू रक्ताच्या कॅन्सरनं. किरणांनीच त्यांना मारलं, असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण आमचं मॉडेल किरण न लागलेल्यांशी किरण लागलेल्यांची तुलना करतं, आणि मामा जाऊन बसले होते न लागलेल्यांत. त्या गटात अशी माणसं जितकी जास्त मरतात, तितके किरण निर्दोष ठरतात. मी मॉडेल चालवायचं बटण दाबलं आणि स्वतःची किळस आली.

धाकटीचा फोन आला. "नवे आकडे आले म्हणे. काय निघालं?"

"धोका आधीपेक्षाही कमी दिसतोय."

"बाबांना त्यात धरूनसुद्धा?"

"बाबा आणि त्यांच्यासारखे शून्य डोसवाल्यांत धरले म्हणूनच."

ती म्हणाली, "ठेवते ताई. टेबलावर मूल आहे."