ऋतिकला उपाशी ठेवायचं नाही

ऋतिकनं पुन्हा दूध ओकलं आणि मोहिनीनं पदरानं बाळाचं तोंड पुसलं.

तळेघरात तिच्या सासूबाईंचा, झुंबरबाईंचा, नियम ठरलेला. पोराला ताप आला, उलटी झाली की लंघन. सुंठेच्या पाण्याशिवाय काही द्यायचं नाही, रिकाम्या पोटी ताप उतरतो. अख्खी वाडी अशीच वाढली. मोहिनीची थोरली, हर्षाली, तापात अशीच उपाशी झोपली आणि उठलीच नाही. दृष्ट लागली म्हणाले सगळे.

हर्षालीचं ऐकूनच घोडेगावच्या डॉक्टरीणबाईंनी ऋतिकच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतले, पुण्याला पाठवले. "उपाशी असलं की अंग स्वतःची चरबी जाळतं. काही बाळांना ते जन्मापासून जमतच नाही. त्यांच्या रक्तात ॲसिलकार्निटिन नावाचं द्रव्य वाढतं, तेच बघायचंय. तोवर याला उपाशी ठेवू नका."

रिपोर्ट आलाच नव्हता, आणि आता हे!

मोहिनी वाटीत साखरपाणी कालवायला लागली तशी झुंबरबाई ओरडल्या, "अगं, परत ओकंल त्यो! लई शानी झालीस? मी पोरं हातानं वाढवली, कागदावर न्हाई!"

"ओकू द्या आत्या. मी देणार."

तेवढ्यात फोन वाजला. रेंज जाईल म्हणून मोहिनी ऋतिकला उचलून पळत अंगणात गेली, स्पीकर लावला. डॉक्टरीणबाईच होत्या.

"रिपोर्ट आलाय, ॲसिलकार्निटिन खूप वाढलंय. बाळ कसंय?"

"ओकतंय मॅडम. सुस्त पडलंय, डोळं उघडंना."

"आत्ताच्या आत्ता आणा! सलाईनमधून साखर द्यावी लागेल. वाटेत गिळत असेल तरच थोडं थोडं चाटवा."

झुंबरबाई उंबऱ्यातच बसल्या. "म्हंजी हर्षालीला... मीच उपाशी..."

 ऋतिकची मान मोहिनीच्या दंडावरून खाली लोंबत होती.

"आत्या, रडू नका! गाडी थांबवा!"

एसटी दुपारशिवाय नव्हती. झुंबरबाई पदर खोचून दुधाच्या जीपपुढं आडव्या उभ्या राहिल्या.

"ओ आज्जी, मरायचंय का?"

"पोराला घोडेगावला ने भाऊ, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे!"

जीपमध्ये त्यांनीच सोबत आणलेल्या साखरपाण्यात बोट बुडवून ऋतिकच्या ओठाला लावलं. तो चोखेना. "गिळ रं राजा, एवढं गिळ." त्या परत परत विनवत होत्या. मोहिनी त्याच्या गळ्याकडं टक लावून बसली, पापणी हलवायचीही भीती वाटत होती.

वाटेतल्या डिंभ्याच्या अलीकडं गळा हलला. एकदाच.

"गिळलं!" झुंबरबाई म्हणाल्या आणि लगेच परत बोट बुडवलं. घोडेगाव अजून लांब होतं.