मेंढीचं वर्ष

त्या ऑफिसच्या काचेच्या दारावरच मेंढरं होती. लाल कागदाची, कात्रीने कापलेली, वळलेल्या शिंगांची. आत गेलो तर भिंतीवर एक, टेबलावर कापडाचं एक, आणि कॅलेंडरवर अख्खा कळप. मी दारातच थबकलो आणि मागून येणाऱ्या माझ्या भागीदाराकडे वळून पाहिलं. तो हसत होता. माझ्या डोक्यात एकच आलं, हे यानेच सांगितलेलं असणार.

हे डोक्यात का आलं ते सांगायला हवं. मी मेंढपाळाच्या घरचा, वेरूळच्या डोंगरापलीकडच्या वस्तीवरचा. माझा भागीदार त्याच भागातला, पण मोठ्या जमीनदाराच्या घरातला. निजामाच्या काळापासून माझ्या आजोबांची मेंढरं त्याच्या आजोबांच्या रानात बसायची. पीक निघालं की रिकाम्या रानात रात्रीचा कळप बसवायचा, लेंड्यांचं खत रानाला मिळायचं आणि बदल्यात आम्हाला जोंधळा. पोलीस ॲक्शननंतर गायरानं एकेक करून नांगराखाली गेली, मेंढरांच्या वाटा बंद झाल्या आणि माझ्या बापाने कळप विकला. मी बजाजनगरात आलो, कारखान्यात गाड्या भरल्या, तिथंच मशीन पाठवायची लाकडी खोकी ठोकायला शिकलो. पुढे स्वतःची शेड टाकली. प्लॉट त्याचा होता म्हणून तो भागीदार. लाकूड मी बघायचं, सुतार मी सांभाळायचे, कारखान्यांच्या खरेदीवाल्यांशी भावावरून मी भांडायचं, आणि कागदावर सही करायला तो यायचा. चार लोकांत माझी ओळख करून देताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "हे आमचं मेंढरू." लोक हसायचे. त्याला वाटायचं हे प्रेम आहे.

चीनच्या एका कंपनीने वाळूजला कारखाना टाकला होता. त्यांची मशीन बाहेर जाताना जी खोकी लागतील ती सगळी पुढची तीन वर्षं कुणी करायची, याची बोलणी मी थंडी लागल्यापासून रेटत होतो. भाव ठरला, लाकूड ठरलं, खिळा कोणता हेही ठरलं. उरली होती सही. कंपनीला एकच नाव हवं होतं, ज्याला फोन करायचा, ज्याला धरायचं; सही ज्याची, करार त्याच्याच नावावर. त्या दिवशी जाताना गाडीत मी सांगून टाकलं होतं.

"या कागदावर सही मी करणार."

"बघू."

"बघू नाय. करणार."

तो अंगठीतला पुष्कराज फिरवत बसला.

ऑफिसात चिनी साहेब उठून उभा राहिला. माझ्यापेक्षा जरा लहान असेल, बुटका, केस तेल न लावता चापून बसवलेले. त्यांच्याकडच्या नवीन वर्षाची सुट्टी संपवून तो नुकताच घरून परतला होता आणि संध्याकाळी मुंबईला निघणार होता. शेजारी दुभाषी मुलगी होती, उस्मानपुऱ्यातली. पुण्याला जाऊन चिनी शिकून आलेली. बाहेरच्या सोफ्यावर दुसरा एक खोकीवाला फाईल मांडीवर घेऊन बसला होता, तो मला आत जाताना दिसला होता. आमचं फिसकटलं तर त्याला आत बोलावणार, हे सांगायची गरज नव्हती.

ग्लासात पानं टाकलेलं गरम पाणी आलं. साहेब माझ्याकडे बघून काहीतरी बोलला.

मुलगी म्हणाली, "साहेब विचारतायत, तुमचं जनावर कोणतं?"

"काय?"

"सांग की," भागीदार म्हणाला. "साऱ्या गावाला म्हाईत हाय."

मुलगी घाईघाईने म्हणाली, "म्हणजे जन्मसाल, काका. सालावरून काढतात."

मी दाखल्यावरचं सांगितलं. सदुसष्ट, एक जून. आमच्या वस्तीवरच्या सगळ्या पोरांची तारीख एक जूनच आहे. गुरुजींनी शाळेत घालताना उंची बघून साल टाकलं आणि तारीख सगळ्यांना एकच दिली. माझ्या आईला विचारलं तर ती फक्त एवढंच सांगायची, की तेव्हा कळप नदीच्या पलीकडं होता.

मुलीने साहेबाला साल सांगितलं. त्याने टेबलावर हात आपटला, भिंतीवरच्या लाल मेंढराकडे बोट केलं आणि मग माझ्याकडे.

"साहेब म्हणतात, तुम्ही मेंढी. हे चालू वर्ष तुमचंच."

भागीदार खुर्चीत मागे रेलून हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "घ्या! चीनपर्यंत वास गेला की रं!"

मी ग्लास खाली ठेवला. 

"आन् मी?" त्याने विचारलं. याची पत्रिका घरात जपून ठेवलेली, वेळेसकट. "एकसष्ट. फाल्गुनातला."

"तुम्ही बैल."

"बैल! वा!" त्याने मुलीला खूण केली. "सांग साहेबाला, आमच्यात पोळ्याला पूजा असती बैलाची. शिंगं रंगवतो, पुरणपोळी चारतो. आन् मेंढराचं काय करतो?" त्याने आपल्या गळ्यावरून बोट फिरवलं. "सांग, सांग."

मुलीने सांगितलं नाही. ती पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिली.

मी उठलो. खुर्ची मागे पडली. "तूच शिकवून ठेवलंस ना यांना? घरी कमी पडलं म्हणून इथं?"

"येडा झालास का? मी आजच बघतोय याला."

"परक्याच्या घरात बसलोय म्हणून गप हाय. नायतर इथंच दाखवलं असतं मेंढरू काय करतंय ते."

साहेब हात वर करून काहीतरी विचारत होता. मी दार ढकललं आणि बाहेर पडलो. सोफ्यावरचा खोकीवाला सावरून बसला. त्याने फाईलचा दोरा सोडायलाही घेतला.

पार्किंगपर्यंत गेलो होतो, तेवढ्यात मुलगी मागून धावत आली.

"काका, अहो काका! थांबा ना. गुस्सा मत करो."

"मला कुणी मेंढरू म्हणलेलं चालत नाय. तुझ्या साहेबाला सांग."

"त्यांना काय ठाऊक हो? त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. तिकडं सगळ्यांनाच असतं एकेक जनावर. बारा वर्षांची फेरी. हे बघा." तिने मोबाइल उलटा करून दाखवला. मागे माकड होतं. "मी माकड. आणि साहेब कोण, माहितंय? डुक्कर."

"तोंडावर म्हणतीस त्याला?"

"तेच सांगतात! पहिल्या दिवशीच सांगितलं, मी डुक्कर, खाऊनपिऊन सुखी. तिकडं वय विचारत नाहीत सरळ, बरं दिसत नाही. जनावर विचारतात. त्यावरून कळतं कोण मोठं, कुणाला आधी मान द्यायचा. साहेबांच्या आईने त्यांच्या भावाची एक सोयरीक मोडली, मुलगी साप निघाली म्हणून. आपल्याकडं पत्रिका बघतात तसंच आहे."

"मग माझ्यावर हसला का?"

"हसले नाहीत, काका. खूश झाले. आणि काळजीपण वाटली. आपलं स्वतःचं वर्ष आलं की तिकडं जपून राहतात. वर्षभर अंगावर काहीतरी लाल घालतात. पट्टा, मोजे..." ती दुसरीकडे बघायला लागली. "आतले कपडेसुद्धा. तुमच्यासाठी ड्रॉवरमधून लाल दोरी काढत होते ते, तुम्ही उठून आलात."

राग गेला नाही. पण त्याची दिशा ठरली. साहेबाला काही माहीत नव्हतं, तेव्हा त्याच्यावर रागवायचं कारण नव्हतं. भागीदाराला सगळं माहीत होतं.

"बैलाचं काय?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"मेंढीच्या वर्षात बैलाचं काय होतं?"

"बारा जनावरं गोल बसवली ना, तर बैल आणि मेंढी बरोबर समोरासमोर येतात. टक्कर. जुने लोक म्हणतात, मेंढीच्या वर्षात बैलाने मोठं काही अंगावर घेऊ नये. पण हे सगळे मानतातच असं नाही. आमचे साहेबपण अर्धंच मानतात."

"साहेबाचं राहू दे," मी म्हणालो.

पूर्ण मानणारा कोण ते मला ठाऊक होतं. राहुकाळ बघितल्याशिवाय जो ट्रॅक्टरला चावी लावत नाही. ज्याने स्वतःच्या पोरीचं चांगलं स्थळ परत पाठवलं, कारण पत्रिकेत तिची योनी उंदराची आणि मुलाची मांजराची निघाली. त्या मुलाला मी ओळखत होतो. हिऱ्यासारखा होता.

आत गेलो तेव्हा करारनामा भागीदारासमोर होता आणि त्याच्या पेनाचं टोपण काढलेलं होतं. मी बाहेर होतो तेवढ्यात त्याने कागद आपल्याकडे ओढून घेतले होते. मला बघून तो म्हणाला, "ये, बस. तुझं डोकं शांत होईस्तोवर मी उरकून टाकतो."

मी खुर्ची उचलली, बसलो. साहेबाला सांगितलं, जरा चक्कर आली होती. त्याने लगेच ड्रॉवर उघडून लाल दोरी पुढे केली. मी मनगट पुढे केलं आणि त्याने स्वतः गाठ मारली. "आपल्या वर्षात जपावं लागतं, म्हणून बांधतात," मुलीने भागीदाराला सांगितलं. मग मी मुलीला म्हणालो, "साहेबांना विचार, बैलाला हे वर्ष कसं?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. क्षणभर वाटलं ती विचारणार नाही. मग तिने विचारलं.

साहेबाने एक कोरा कागद घेतला, गोल काढला, त्यावर बारा ठिपके दिले. एका ठिपक्यावर पेन टेकवून माझ्याकडे बोट केलं, बरोबर समोरच्या ठिपक्यावर टेकवून भागीदाराकडे. मग दोन्ही मुठी एकमेकींवर आपटल्या. बोलताना तो हसतच होता.

"काय म्हणतोय?" भागीदाराने विचारलं.

"साहेब म्हणतात, बैलाची या वर्षाशी टक्कर आहे. नवीन मोठं काम हाती घेऊ नये, असं त्यांच्याकडचे जुने लोक म्हणतात. पण ही नुसती पद्धत आहे. तुम्ही सही करा, कंपनीला चालेल."

"असलं मी काय बी मानत नाय."

"मग कर," मी म्हणालो. कागद त्याच्याकडे आणखी सरकवला. "कर सही. पूजा असती तुझी."

त्याने पेन कागदाजवळ नेलं. टेकवलं नाही. पुष्कराज एकदा फिरला, दोनदा फिरला. "कधी लागतंय यांचं वर्ष?"

"लागलंय," मुलगी म्हणाली.

"याचं बी वाईटच हाय म्हणतीस ना?"

"त्यांनी दोरी बांधली."

"मग मला बी द्या एक."

तिने विचारलं. साहेबाने रिकामा ड्रॉवर ओढून दाखवला. एकच होती.

भागीदाराने फोन काढला आणि आपल्या ज्योतिषाला लावला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. "महाराज, चिनी पत्रिकेत बैल निघाला तर... व्हय, चिनी... नाय नाय, खरंच बैल..." पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण त्याचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवून तो म्हणाला, "चार दिवस थांबता येईल का?"

साहेबाने घड्याळ बघितलं. मग काचेतून बाहेरच्या सोफ्याकडे बघितलं. भाषांतराची गरज पडली नाही. मीही काही बोललो नाही. सौदा या टोकाला आला की पहिला बोलतो तो हरतो, हे मी बजाजनगरातच शिकलो होतो.

कपाळावरचा घाम पुसून भागीदाराने पेन टेबलावर टाकलं. "कर बाबा तूच. तुझं तू बघ."

मी सही केली. प्रत्येक पानावर, पूर्ण नावाने. साहेबाने दोन्ही हातांनी कागद घेतला.

परतताना त्याने नगर नाक्यापर्यंत गाडी दामटली.

मग तो म्हणाला, "तुला म्हाईत होतं."

"व्हय."

"मुद्दाम विचारलंस."

"तू मुद्दाम हसलास."

"अरं, गंमत केली मी. लहानपणापासून करतोय."

"म्हणून तर."

त्याने गाडी कडेला घेतली. रागाने त्याचा आवाज बारीक झाला होता. "प्लॉट माझा हाय, हे इसरू नको. माझ्या आज्यानं तुमची मेंढरं बसवून घेतली म्हणून तुमची चूल पेटली. काढ तुझी शेड. उद्याच्या उद्या."

त्या क्षणी तो एक शब्द बोलला असता, चुकलं एवढाच, तर मी कदाचित राहिलो असतो. तो शब्द त्याने आजवर काढलेला नाही. लग्नाकार्यात भेटतो, हात जोडतो आणि लोकांना सांगतो की यानं चिन्यांकडून माझ्यावर करणी केली.

मी गाडीतून उतरलो, दार लावलं आणि तिथंच उभं राहून माझ्या मोठ्या सुताराला फोन लावला.

"शेडमधली हत्यारं काढा. करवती, लाकूड, सगळं. आत्ताच."

"आन् ठेवायचं कुठं, मालक?"

"गारखेड्याला. माझ्या घरासमोर."

"गल्ली अडल की सारी."

"अडू दे," मी म्हणालो. "काम परवा सुरू करायचंय."